साठी, बुद्धी आणि अल्झायमर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांत आहे. शेजारचे हिंदी भाषक त्याच वयाच्या माणसाला ‘सठिया गए’ म्हणतात. आमच्या रामाकोन्यात एकाच ओट्यावर दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे हे दोन्ही शब्दप्रयोग नेहमी कानावर पडतात. आणि त्यांच्या जोडीला आपल्या बोलीतला ‘बुढा चळला’ हा तिसरा असतोच. तिन्हींचा निकाल एकच : वय झाले की बुद्धी जायचीच, त्यात विशेष ते काय? असा निकाल एकदा दिला की पुढे काही करायचे उरत नाही. डॉक्टरकडे जायचे नाही, आजाराचे नाव विचारायचे नाही, घरातल्या सुनेने निमूट सोसायचे आणि म्हाताऱ्या माणसाने निमूट हरवत जायचे.

जगातल्या विद्वान वैद्यांनीही बरीच वर्षे हाच निकाल मान्य केला होता, हे वाचून वाचकांना आश्चर्य वाटेल. तो निकाल कसा बदलला याचा इतिहास मला येथे सांगायचा आहे. मी इतिहासात एम. ए. केलेला शाळामास्तर. औषध सांगणे हे माझे काम नव्हे, ते डॉक्टरांचे. परंतु एखाद्या आजाराची ओळख समाजाला किती उशिरा पटते, आणि त्या उशिराची किंमत कोण मोजतो, हा इतिहासाचाच विषय आहे.

१८६४ : नागपूर आणि मार्कटब्राइट

इंग्रजांनी १८६१ साली मध्य प्रांत निर्माण केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत कारभारासाठी नागपूरकडेच पाहत होता. त्या नागपुरात १८६४ साली मनोरुग्णांचे इस्पितळ उभे राहिले. ते आजही प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालू आहे. योगायोग असा की त्याच १८६४ च्या जून महिन्यात जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, मार्कटब्राइट नावाच्या लहानशा गावी, अलॉइस अल्झायमर या मुलाचा जन्म झाला. पुढे तो डॉक्टर झाला आणि फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात नोकरीस लागला.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. संसार सुखाचा चालला असता ती एकाएकी नवऱ्यावर संशय घेऊ लागली. मग विसरभोळेपणा आला, स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवून ठेवणे सुरू झाले, घरातल्या घरात ती उगाच येरझारा घालू लागली. दुसऱ्या दिवशी अल्झायमरने तिला प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? बहुतेक ऑगस्टेच. नाव लिहायला सांगितले तर ‘श्रीमती’ एवढे लिहून ती थांबे. पुढचे विसरून जाई. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असे ती म्हणत असे. त्या टिपणांत हे वाक्यही आहे.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर तोपर्यंत म्युनिकला गेला होता. त्याने तिचे कागद आणि मेंदू दोन्ही मागवून घेतले. चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याची रीत त्या काळी नवीनच निघाली होती. ती वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्याला दोन गोष्टी आढळल्या. पेशींच्या बाहेर जागोजाग कसल्याशा पदार्थाची पुटे साचली होती, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्याने हे सर्व मांडले. सभेत कोणी एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या वर्षी त्याचा छोटासा लेख छापून आला. १९१० साली त्याचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला ‘अल्झायमरचा आजार’ असे नाव दिले. डिसेंबर १९१५ मध्ये अल्झायमर स्वतः वारला. इस्पितळात आली तेव्हा ऑगस्टेचे जे वय होते तेच, म्हणजे ५१, मृत्यूच्या वेळी त्याचे होते.

नाव मिळाले, पण कोणाला?

यापुढचा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. आजाराला नाव मिळाले खरे, पण ऑगस्टे ५१ वर्षांची असल्यामुळे पुस्तकांतून असे ठरून गेले की हा मध्यम वयातला एक दुर्मीळ आजार आहे. सत्तरीच्या माणसाला नेमकी तीच लक्षणे झाली तर त्याला निराळे नाव : वार्धक्याचे बुद्धिमांद्य. कारण काय, तर रक्तवाहिन्या कडक होतात, वय होते. म्हणजे शास्त्राच्या पुस्तकातही ‘साठी बुद्धी नाठी’च! पन्नाशीचा माणूस आजारी ठरे आणि सत्तरीचा नुसता म्हातारा. लाखो म्हाताऱ्यांचा आजार हा आजार म्हणून मोजलाच गेला नाही.

ही समजूत पहिल्यांदा हलली ती इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची चाचणी ती हयात असताना घेतली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतली पुटे मोजली. पुटे जितकी जास्त तितकी हयातीतली चाचणी खराब, असे त्यांना दिसले. हे काम १९६८ साली प्रसिद्ध झाले. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन डॉक्टराने एका छोट्या संपादकीयात स्पष्ट लिहिले की पन्नाशीचा अल्झायमर आणि सत्तरीचे बुद्धिमांद्य हा एकच आजार आहे आणि तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. १९०६ पासून १९७६ पर्यंत सत्तर वर्षे गेली. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष रेगन यांनी आपल्याला हा आजार झाल्याचे पत्र लिहून देशाला कळविले. १९९५ साली ऑगस्टेची हरवलेली फाइल फ्रँकफर्टमध्ये सापडली, आणि तिची ती अडखळती उत्तरे जगाला वाचायला मिळाली.

मेंदूत काय घडते?

अल्झायमरला दिसलेली पुटे कशाची, हे १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी शोधले. मेंदूच्या पेशींच्या आवरणावर एक मोठे प्रथिन असते. त्याचे तुकडे होताना अमायलॉइड बीटा नावाचा एक चिकट तुकडा सुटतो. एरवी तो वाहून जातो. काहींच्या मेंदूत तो साचत राहतो आणि त्याची पुटे बनतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पेशीच्या आतले गुंते. ते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात. पेशीच्या आत मालाची ने-आण करणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, जणू रेल्वेचे रूळच. टाऊचे काम रुळांखालच्या स्लीपरसारखे; रूळ जागच्या जागी धरून ठेवायचे. या आजारात टाऊ सुटतो आणि त्याची भेंडोळी होतात. रूळ खचले की माल पोचत नाही, पेशी उपाशी पडतात आणि मरतात. हे सर्व लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होते, असे आता दिसून आले आहे.

पेशींच्या या मरणाची सुरुवात बहुधा मेंदूच्या आतल्या बाजूला, कानाच्या पातळीवर असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाजवळ होते. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम या भागाचे. म्हणूनच सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न आठवते. आपल्याकडची छोटी लाइनची गाडी २०१५ साली बंद झाली आणि त्या जागी मोठी लाइन आली. तरी असा माणूस संध्याकाळी छोट्या गाडीच्या वेळेला पिशवी घेऊन रामाकोना स्टेशनकडे निघू शकतो. त्याच्यापाशी जुना नकाशा शाबूत असतो, नवा उमटलेलाच नसतो.

औषधांविषयी थोडक्यात. डोनेपेझिलसारख्या गोळ्या १९९६ पासून आहेत. काही रोग्यांना त्यांनी काही काळ बरे वाटते. आजार थांबत नाही. अमायलॉइड काढून टाकणारी लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ साली मंजूर झाली. आजाराच्या सुरुवातीला दिल्यास घसरण काहीशी मंदावते. मात्र मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. गेलेली स्मृती कोणतेच औषध परत आणत नाही.

घरात काय दिसते?

चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे निराळे. आजाराच्या आरंभी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. आयुष्यभर संत्र्याच्या बागेचा सौदा तोंडी करणारा माणूस शंभराच्या नोटा मोजताना अडखळतो. तीस वर्षे रोज केलेल्या भाजीत मीठ दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही. नेहमीच्या बाजारातून परतताना वाट चुकते. वस्तूचे नाव सापडत नाही, मग ‘ते, ते हे’ असे बोलणे वाढते. पुढे कपड्यांची उलटसुलट होते, दिवेलागणीला बेचैनी वाढते. आपल्याच घरात बसलेली आजी ‘मला घरी सोडा’ म्हणून रडते. तिच्या मनातले घर म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे माहेर. शेवटी जवळची माणसे ओळखू येत नाहीत आणि घास गिळणेही अवघड होते. आठ-दहा वर्षे, कधी कमी, कधी जास्त, असा हा प्रवास चालतो.

यातले एक लक्षण मी मुद्दाम वेगळे सांगतो, कारण त्याने घरे मोडतात. ते म्हणजे संशय. बटवा आपणच गादीखाली ठेवायचा, विसरायचा आणि ‘सुनेने पैसे घेतले’ म्हणून गल्लीला ऐकवायचे. सून रात्रंदिवस करते आणि चोर ठरते. मुलगा आईवर विश्वास ठेवतो, बायको माहेरी जाते. ऑगस्टे डेटरच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या संशयानेच झाली होती, हे येथे आठवावे. स्मृतीत भोक पडले की माणूस ते काहीतरी कल्पना करून बुजवतो. तो खोटे बोलत नसतो. आरोप आजार करतो, सासू नव्हे, एवढे जर त्या सुनेला आणि शेजाऱ्यांना वेळेवर कळले तर अर्धे दुःख कमी होईल.

विसरणे दिसले म्हणजे अल्झायमरच, असेही नाही. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खोल उदासी, कमी ऐकू येणे, डोक्याला मार लागून साचलेले रक्त, यांनीही माणूस असाच दिसतो, आणि त्यातले पुष्कळसे उपचाराने सुधारते. पूर्ण शाकाहारी माणसाने तर बी-१२ ची तपासणी जरूर करावी. आपल्या भागाची जामसावळीच्या मारुतीवर मोठी श्रद्धा आहे. मनाचे दुखणे घेऊन दूरदूरचे लोक तेथे येतात आणि त्यांच्या मनाला धीर मिळतो. दर्शन अवश्य घ्यावे. रक्ताची तपासणीही त्याच आठवड्यात करून घ्यावी.

सावन की आषाढ?

भारतात हा विषय संघटितपणे हाती घेतला गेला तो १९९२ साली, केरळात. डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच दशकात हरियाणातील बल्लभगड येथे डॉ. विजय चंद्रा आणि डॉ. मेरी गांगुली यांनी खेड्यातल्या वृद्धांची पाहणी केली. पहिली अडचण आली ती चाचणीची. पाश्चात्त्य चाचणीत ‘एक वाक्य लिहा’, ‘हे वाचून तसे करा’ असे प्रश्न होते. निरक्षर शेतकरी निरोगी असूनही नापास व्हायचा. म्हणून त्यांनी हिंदी चाचणी नव्याने बेतली. लिहिण्याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’ असे विचारले. वाचण्याऐवजी ‘मी करतो तसे करा’ म्हणून डोळे मिटून दाखविले. परीक्षा घेणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींनाही यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पण आपल्या दुभाषी तालुक्यांत आणखी एक गोम आहे. अशा चाचणीत ‘महिना कोणता’ हा प्रश्न असतोच. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी पट्ट्यातला पौर्णिमेला. म्हणून आपल्या आषाढाच्या वद्य पक्षात हिंदी शेजाऱ्याचा सावन सुरू झालेला असतो. आपला पोळा श्रावण अमावास्येला. त्यांच्या पंचांगात तीच अमावास्या भादोंची. आता मराठी आजीला हिंदीत विचारले, ‘अम्मा, कौन सा महीना चल रहा है?’ आणि ती ‘आषाढ’ म्हणाली, तर तिचे उत्तर बरोबर असूनही गुण जाणार! तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना तपासणीस नेताना सोबत जाणाऱ्याने त्यांची घरची भाषा कोणती हे डॉक्टरांना आधी सांगावे.

देशभरच्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सुमारे ७.४ जणांना अल्झायमर किंवा त्यासारखा बुद्धिभ्रंश आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण अधिक आढळले. म्हणजेच साठी ओलांडलेल्या शंभरांतल्या ब्याण्णवांहून अधिक जणांची बुद्धी ‘नाठी’ होत नाही. म्हण खोटी आहे हे सांगायला आता हा आकडा पुरे.

दोन भाषांचे देणे

सीमेवरच्या माणसाला आपली भाषा धड इकडची नाही, धड तिकडची नाही, असे कमीपणाने वाटत असते. त्याला बळ देणारे एक संशोधन हैदराबादेत झाले. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही हा फरक होता, म्हणजे तो केवळ शाळेचा परिणाम नव्हे. दोन भाषांतून सतत निवड करताना मेंदूला जो व्यायाम घडतो त्याने त्याची शिल्लक वाढते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. इतर काही अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन भाषांनी आजार टळतो असे कोणी समजू नये.

भाषेची दुसरी बाजू मला अधिक जवळची वाटते. दुभाषी रोग्यांपैकी अनेकांच्या बाबतीत नंतर शिकलेली भाषा आधी ढासळते आणि आईकडून आलेली भाषा मागे राहते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने तीस वर्षे वर्गात हिंदीतून शिकवले. शेवटच्या वर्षांत त्यांची हिंदी हळूहळू गेली आणि लहानपणची बोली तेवढी उरली. ‘माय, तहान लागली’ असे त्या म्हणत. इंदूरला वाढलेला नातू सुट्टीत आला, त्याचा जीव आजीवर फार; पण त्याला ‘तहान’ हा शब्द कळला नाही. तो ‘दादी, क्या चाहिए?’ विचारत राहिला आणि त्या त्याच्याकडे परक्यासारख्या पाहत राहिल्या. शेजारच्या बाईंनी येऊन ‘पाणी पेता का, बाई?’ म्हटले तेव्हा त्यांनी मान डोलावली.

मुलांना हिंदी, इंग्रजी शिकवूच नका, असे मी शिक्षक असून कसे म्हणेन? शाळेची भाषा पोट भरते आणि दोन भाषा येणे ही आपल्या भागाची श्रीमंतीच आहे. पण घरात मराठी ऐकू आलीच नाही तर या श्रीमंतीतला एक हिस्सा आपण आपल्या हाताने सोडून देतो. उद्या आपली हिंदी गळून पडली तर आपल्याशी कोण बोलणार, याचा विचार आज पन्नाशीत असलेल्यांनी करावा.

मराठी समाजात या आजाराविषयी थोडे मोकळेपण आता येत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात संस्कृतचे विद्वान शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना आईसारखी जपते. मोहन आगाशे यांनी ते शास्त्री उभे केले आहेत. जमल्यास घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा. ज्येष्ठ अभिनेत्री सीमा देव यांना हा आजार झाल्याचे त्यांच्या मुलाने २०२० साली जाहीरपणे सांगितले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. घरातली गोष्ट झाकून न ठेवता त्या कुटुंबाने अनेकांना धीर दिला.

२०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने चौदा कारणांची यादी दिली. ती आवरली तर जगातला जवळपास ४५ टक्के बुद्धिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा तिचा अंदाज आहे. कमी शिक्षण, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा ही त्यातली काही. यातली बहुतेक आपल्या गावात, आपल्या ऐपतीत हाताळता येण्याजोगी आहेत. रक्तदाब मोजणे, मोतीबिंदू काढणे, कानाला यंत्र लावणे, म्हाताऱ्या माणसाला ओट्यावरच्या गप्पांत ओढून घेणे, याला काही नागपूर-मुंबई लागत नाही.

दिवाळीत नागपूर, पुणे, भोपाळहून मुले घरी येतात. रोज पाहणाऱ्याला जो बदल जाणवत नाही, तो वर्षाने आलेल्याला लगेच दिसतो. आई एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असेल, बाबा हिशेबाला बसायचे टाळत असतील, तर हसण्यावारी नेऊ नका आणि रागावूही नका. भाऊबीज झाली की परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी त्यांना छिंदवाडा किंवा नागपूरच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. वृद्धांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि जी सून हे सारे करते आहे, तिला आठवड्यातून एक दुपार तरी मोकळी मिळेल, अशी व्यवस्था भावाभावांनी बसून ठरवा.